बाथरूमच्या फरशीवरचे डाग: कोणता थर आधी काढायचा, कोणता नंतर

फरशी ओली असताना स्वच्छ दिसते, आणि वाळली की तेच पिवळट-पांढरे पट्टे पुन्हा वर येतात. मग अ‍ॅसिडची बाटली येते. ती ओतायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत घासायचं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. काही वर्षं असं चाललं की सांध्यांतलं व्हाइट सिमेंट निघून खाचा पडतात, टाइलची चकाकी जाते आणि मग खरोखरच डाग निघेनासे होतात.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. ज्याला आपण ‘डाग’ म्हणतो ते थर असतात. सगळ्यांत वर तेल आणि साबणाचा चिकट पापुद्रा, त्याखाली पाण्यातले क्षार, सांध्यांत काळी बुरशी, आणि पाण्यात लोह असेल तर तांबूस रंग. प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. वरचा थर न काढता खालच्यावर औषध टाकलं तर ते पोचतच नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका, आणि दोन पायऱ्या एकत्र करून वेळ वाचवायलाही जाऊ नका. एका सुट्टीच्या दिवसाची सकाळ आणि दुसऱ्या दिवशीचा अर्धा-पाऊण तास एवढा वेळ हाताशी ठेवा.

## १. फरशी कशाची आहे ते आधी ठरवा

हे न बघता सुरुवात केली तर नुकसान कायमचं होतं. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल सौम्य आम्लाला दाद देत नाहीत, त्यामुळे त्यांवर पुढच्या सगळ्या पायऱ्या चालतात. पण शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर यांची गोष्ट वेगळी आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचेच दगड. संगमरवरही मुळात तेच. नळाच्या पाण्याचा जो क्षार आपल्याला काढायचा आहे तो कॅल्शियम कार्बोनेट, आणि हे दगडही कॅल्शियम कार्बोनेटचेच. जे आम्ल क्षार विरघळवतं ते दगडही विरघळवणार. जुन्या इमारतींमधल्या मोझॅक टाइलमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, म्हणून तिलाही आम्ल चालत नाही.

खात्री नसेल तर दाराआड, जिथे पाणी फारसं जात नाही अशा स्वच्छ कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर फरशी चुन्याच्या दगडाची आहे. थेंब लगेच पुसून धुऊन टाका आणि आम्लाच्या पायऱ्या वगळा. चाचणी डागावर करू नका. तिथे क्षारामुळे बुडबुडे येतीलच आणि तुमची फसगत होईल.

लक्ष ठेवा: फरशी सिरॅमिकची असली तरी बाथरूमचा उंबरा, खिडकीची पट्टी किंवा साबण ठेवायचा कट्टा बहुतेक घरांत कडप्प्याचा नाहीतर संगमरवराचा असतो. आम्ल वापरताना त्यावर प्लास्टिक घाला. उंबऱ्यावर पांढरे, खरखरीत ओघळ उमटलेले दिसतात ते बहुधा फरशी धुताना उडालेल्या आम्लाचेच.

## २. डाग ओळखा

फरशी पूर्ण वाळू द्या. शक्य असेल तर रात्रीनंतर, कुणाची आंघोळ व्हायच्या आधी बघा. मोबाइलचा टॉर्च लावून फोन फरशीवर आडवा ठेवा. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते या तिरप्या उजेडात लगेच दिसतं: क्षार खरखरीत उंचवट्यासारखा, साबणाचा थर मेणचट आणि सपाट.

मग नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून पाहा.

- मेणासारखी करडी गुंडाळी निघाली, बोटांत चिकटली: तेल आणि साबण. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारी मळी तयार होते, तीच ही.
- पांढरी किंवा पिवळट भुकटी निघाली: क्षार. बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरांत नळाखाली, बादली ठेवायच्या जागी आणि जाळीभोवती हा सर्वांत जाड असतो.
- नारिंगी-तपकिरी रंग, खरवडून काहीच निघत नाही: लोह. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह असलं की सगळी फरशीच तांबूस होते. बाकी ठिकाणी हा डाग गोल असतो आणि त्या जागी पूर्वी लोखंडी स्टूल, बादलीची कडी किंवा दाढीचं ब्लेड ठेवलेलं असतं.
- सांध्यांत काळे ठिपके: बुरशी.
- साबणदाणीखाली किंवा जाळीजवळ गुलाबी, बुळबुळीत थर: हे जिवाणू असतात, बहुधा सेराशिया. घासून लगेच निघतो, पण बुरशीच्याच पायरीला तिथेही औषध लावा.

एक डाग असा असतो की तो डागच नसतो. खरवडून काही निघत नाही, रंगही नाही, पण टाइल मळकट-मंद दिसते आणि ओली केली की ठीक वाटते. पूर्वीच्या अ‍ॅसिडने किंवा तारेच्या घासणीने वरची चकाकी गेलेली आहे. ती घासून परत येत नाही. क्षाराची पायरी एकदा नीट करूनही तसंच दिसलं तर तिथे थांबा.

## ३. सामान

वाण्याकडे आणि हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं.

- धुण्याचा सोडा, आणि भांड्यांचं लिक्विड. खायचा सोडा इथे फार कमी पडतो.
- सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, साधारण २०० ग्रॅम. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं, पण ते बरंच सौम्य असतं आणि मोठ्या फरशीला महाग पडतं.
- सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर.
- लोहाचे डाग असतील तरच ऑक्झॅलिक अ‍ॅसिड.
- कडक प्लास्टिक केसांचा हातब्रश, सांध्यांसाठी जुना टूथब्रश, प्लास्टिकची पट्टी, वायपर.
- जुने सुती कपडे. फाटकी धोतरं, बनियन, जुने पंचे. यांचा उपयोग पुढे कळेल.
- कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांना साधा चष्मा किंवा गॉगल, आणि न घसरणारी चप्पल.

तारेची घासणी आणि तारेचा ब्रश या यादीत मुद्दाम नाहीत. त्याने टाइलवर चरे पडतात, चऱ्यांत मळ बसतो, आणि तुटलेल्या तारेचे कण सांध्यांत अडकून गंजले की नवीन तांबडे ठिपके उठतात.

दारावर मिळणारी बिनलेबलची अ‍ॅसिडची बाटलीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर दुकानदाराने ओळखपत्र बघून आणि नोंद करूनच अ‍ॅसिड विकायचं असतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या फरशीला त्या ताकदीची गरज पडत नाही. त्याच्या वाफेने नळांचा क्रोम आणि जाळीचं स्टील काळवंडतं, सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. आणि ही बाटली बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात दिली जाते, हातमोज्यांशिवाय, दार बंद असलेल्या चार बाय सहाच्या खोलीत. हे कृपा करून करू नका. तुम्ही स्वतः जे हाताळणार नाही ते दुसऱ्याला हाताळायला देऊ नये.

धोका: कोणतंही द्रावण पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका, लेबल लावूनसुद्धा. घरात लहान मूल असेल तर उरलेलं द्रावण ठेवूच नका, ओतून टाका.

## ४. फरशी मोकळी करा

बादल्या, मग, पाट, स्टूल, पायपुसणं, शाम्पूच्या बाटल्या सगळं बाहेर. मग आणि बादली या कामासाठी जुनी घ्या, आंघोळीची वापरू नका. गीझरचा स्विच बंद करा. खिडकीच्या काचा काढता येत असतील तर काढा, एक्झॉस्ट चालू करा, दार उघडं ठेवा.

मग जाळी उचला. तिच्याखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये केस आणि साबणाची मळी साठलेली असते. ती हाताने (मोजा घालून) काढून कचऱ्यात टाका. हे आधी केलं नाही तर पुढे प्रत्येक वेळी धुतलेलं पाणी तुंबेल, घाण परत फरशीवर पसरेल आणि आम्लाचं पाणी तुमच्या पायाशी साचून राहील. जाळी वेगळी घासून बाजूला ठेवा. आम्लाच्या पायऱ्या संपेपर्यंत ती परत लावायची नाही.

शेवटी कोरड्या झाडूने केस झाडून काढा. ओल्या फरशीवर केस ब्रशला गुंडाळतात.

तपासा: एक बादली पाणी ओता. सगळं पाणी अर्ध्या-एक मिनिटात जाळीच्या तोंडातून गेलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात साचून राहिलं तर ती जागा लक्षात ठेवा, शेवटच्या भागात तिच्याबद्दल लिहिलं आहे.

## ५. तेल आणि साबणाचा थर

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेणचट थरावर आम्ल ओतलं तर ते घरंगळून जातं, कडेच्या उघड्या सांध्यात शिरतं आणि डाग जागच्या जागी राहतो.

१ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १ चमचा भांड्यांचं लिक्विड. चार बाय सहा फुटांच्या फरशीला असं दोन ते अडीच लिटर पुरतं. पाणी जड असेल तर सोडा टाकल्यावर ते दुधाळ होईल. घाबरू नका, सोड्याने पाण्यातला क्षार वेगळा काढला आहे.

फरशीवर ओतून पसरवा आणि १५ मिनिटं राहू द्या. वाळायला लागलं तर थोडं गरम पाणी शिंपडा. मग ब्रशने गोल-गोल घासा. खरखरीत अँटिस्किड टाइल असेल तर एकाच दिशेने घासून भागत नाही. तिच्या बारीक खळग्यांत मळ असतो, म्हणून एकदा उभं, एकदा आडवं, मग दोन्ही तिरकं. जोर लावू नका, फेऱ्या वाढवा. करडा फेस यायला लागतो, थोड्या वेळाने तो पांढरा होतो. फेस पांढरा झाला की थर निघाला.

अभ्यंगस्नानानंतर किंवा रोज अंगाला तेल लावायची सवय असलेल्या घरात ही पायरी दोनदा करावी लागते. उटण्यातल्या हळदीचा पिवळा डाग सोड्याचं पाणी लागताच लालसर होईल, अगदी रक्तासारखा. हळदीचा तो स्वभाव आहे: सोड्याच्या पाण्यात लाल, आम्ल लागलं की परत पिवळी. लाल झालं म्हणून लगेच ब्लीच ओतू नका. बरीचशी हळद या धुण्यातच जाते, उरलेली आठव्या टप्प्यात.

सावध: या टप्प्यावर फरशी साबणापेक्षा निसरडी असते. बसून काम करा आणि घरातल्या वयस्कर माणसांना आत येऊ देऊ नका.

भरपूर पाण्याने धुवा, वायपर मारा, मग पुन्हा एकदा धुवा. सोड्याचा अंश उरला तर तो पुढचं आम्ल मारून टाकतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो उपाय सगळीकडे फिरतो, तो याच कारणाने फसतो: दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात जवळजवळ नुसतं पाणी उरतं. फेस दिसायला जोरदार असतो, पण त्याने क्षार निघत नाही.

तपासा: ओल्या फरशीवर बोट दाबून ओढा. बोट अडखळलं, चुर्र आवाज आला तर पुढे जा. सटकलं तर ही पायरी पुन्हा करा.

## ६. क्षाराचा थर

चुन्याच्या दगडाची किंवा मोझॅकची फरशी असलेल्यांनी हा टप्पा आणि सातवा टप्पा वगळून आठव्यावर जा.

१ लिटर कोमट पाण्यात ४ मोठे चमचे, म्हणजे साधारण ५० ते ६० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. पाणी कोमटच हवं. उकळतं घेतलं तर तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पांढरी भुकटी होऊन फरशीवरच बसायची शक्यता वाढते.

आधी सबंध फरशी, विशेषतः सांधे, साध्या पाण्याने ओले करा. सांध्यातलं सिमेंट कोरडं असेल तर ते आम्ल शोषून घेतं, आधीच पाण्याने भरलेलं असेल तर आम्ल वरच्यावर राहतं. एवढ्या एका गोष्टीने सांध्यांचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं. करायला मिनिटभरही लागत नाही, पण विसरते मात्र हमखास.

आता ते जुने पंचे. द्रावणात भिजवून, अर्धवट पिळून, जाड क्षाराच्या जागी अंथरा: नळाखाली, बादलीच्या जागी, भिंत आणि फरशी मिळते त्या कडेला. उरलेल्या फरशीवर द्रावण नुसतं पसरवा. कापड नसेल तर द्रावण उतारावरून पाच मिनिटांत जाळीत निघून जातं आणि जिथे सर्वांत जास्त गरज आहे तिथे थांबतच नाही.

कापडाची एक कड उचलून बघा. क्षाराच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे ओळीने येत असतात, आणि कान जवळ नेला तर बारीक सळसळ ऐकू येते. आम्ल काम करतंय. बुडबुडे थांबले म्हणजे तेवढं आम्ल संपलं. कापड पुन्हा भिजवून ठेवा. अर्धा तास ते पाऊण तास, जाड थराला दोन-तीन वेळा भिजवून.

मग कापड काढा. पिवळट कवच आता भिजलेल्या खडूसारखं मऊ झालेलं असतं, हातमोज्यातल्या अंगठ्याने दाबलं तरी सरकतं. प्लास्टिकच्या पट्टीने आडवं धरून खरवडा, मग ब्रश. कडक लागलं तर घासत बसू नका, पुन्हा कापड घाला. इथे ताकद वेळेला पर्याय होत नाही. घासून काढलेल्या क्षारासोबत टाइलची चकाकी जाते.

द्रावण फरशीवर वाळू मात्र देऊ नका. धुताना भरपूर पाणी, वायपर, परत पाणी. शेवटी एका बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाकून ते फरशीवरून फिरवा, म्हणजे सांध्यांत राहिलेलं आम्ल शांत होईल, आणि साध्या पाण्याने संपवा.

एवढ्यानेही गेलं नाही तर: वर्षानुवर्षं साचलेल्या थराला टॉयलेट क्लीनर वापरता येतो. हार्पिकसारख्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणून नियम कडक. फरशी ओली करून, एका वेळी दोन बाय दोन फुटांची जागा, ५ मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि लगेच भरपूर पाणी. नळांवर आणि स्टीलच्या वस्तूंवर आधी ओलं कापड टाका. डबी-बाटलीवर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा त्याचे क्षार लिहिलेलं काहीही घरात आणू नका. ते टाइलची काचही खातं आणि माणसाला अतिशय घातक आहे.

तपासा: फरशी पंख्याने किंवा तशीच वाळू द्या आणि टॉर्च पुन्हा आडवा ठेवा. ओल्या फरशीवर निकाल ठरवायचा नाही. क्षाराचे उंचवटे दिसले तर त्या जागांपुरतंच लिंबूसत्व पुन्हा.

## ७. तांबूस डाग

फिके डाग लिंबूसत्वाच्या कापडाखालीच गेलेले असतात. उरलेल्यांसाठी प्लास्टिकच्या जुन्या कपात कोमट पाणी आणि १ ते २ छोटे चमचे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लास्टिकच्या चमच्याने ढवळून. डागावर लावा, १० ते १५ मिनिटं ठेवा, हलका ब्रश, भरपूर पाणी. तपकिरी रंग डोळ्यांदेखत फिका पडत जातो.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड पोटात गेलं तर विषारी आहे. स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा वापरू नका, भुकटी उडू देऊ नका, कप-चमचा कामानंतर फेकून द्या.

हा टप्पा क्षारानंतरच का? ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कॅल्शियमशी मिळालं की न विरघळणारी पांढरी साय तयार होते. क्षार आधी नीट काढला नसेल तर तांबडा डाग जाऊन पांढरा बसतो.

लोहाच्या डागावर ब्लीच ही तर नेहमीची चूक. ब्लीचने रंग उडतो, म्हणून गंजही उडेल असं वाटतं. होतं उलटं: पाण्यातलं विरघळलेलं लोह ब्लीचने आणखी गंजतं आणि डाग गडद होऊन पक्का बसतो.

## ८. बुरशी, दुसऱ्या दिवशी

आजच का नाही? ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. सांध्यांत, ट्रॅपमध्ये, कापडांत आम्लाचा अंश असू शकतो. बाथरूम लहान, हवा कमी. एक रात्र जाऊ द्या, मधल्या आंघोळींच्या पाण्याने ट्रॅप धुऊन निघतो. कालची कापडं आणि ब्रशही धुतलेले हवेत.

धोका: ब्लीचमध्ये अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा अमोनियाचं काहीही मिसळायचं नाही, एकामागोमाग एकही ओतायचं नाही. संडास-बाथरूम एकत्र असेल तर कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर टाकलेला नाही ना, ते बघा. घशाला टोचणारा उग्र वास आला, खोकला सुटला तर काहीही ‘मारायला’ ओतू नका. बाहेर पडा, दार-खिडक्या उघडा, अर्धा तास आत जाऊ नका. दम लागत असेल तर थेट डॉक्टरांकडे. डोळ्यांत काही उडालं तर किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन मग दवाखाना.

द्रव ब्लीच असेल तर १ भाग ब्लीच, १० भाग पाणी. ब्लीचिंग पावडर असेल तर २ मोठे चमचे १ लिटर थंड पाण्यात ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरची नितळ निवळी तेवढी वापरायची. सुकी पावडर फरशीवर भुरभुरून ठेवायची पद्धत फार घरांत आहे आणि तिचा तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: त्या पावडरीत चुना असतो. तो फरशीवर राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा पुन्हा तोच पांढरा क्षार होतो, जो तुम्ही काल अर्धा दिवस बसून काढला.

टूथब्रशने निवळी सांध्यांवर लावा. उभ्या सांध्यांवर टिश्यू पेपरच्या वळ्या भिजवून चिकटवा. १० मिनिटं, हलका ब्रश, भरपूर पाणी. सांध्यांत राहिलेला हळदीचा पिवळेपणाही यानेच जातो. मेंदीचा आणि केसांच्या रंगाचा डाग टाइलवरून आधीच गेलेला असतो, सांध्यातला मात्र एका वेळेत पूर्ण जाईलच असं नाही. आठवड्याने आणखी एकदा करा, ब्लीचचं प्रमाण वाढवू नका. अंगावरचे कपडे रंग जाणारे नसावेत, ब्लीचचा थेंब उडाला की ठिपका कायमचा.

शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर आणि मोझॅक फरशीवर पातळ ब्लीच आणि पाचव्या टप्प्यातलं कोमट साबणपाणी एवढंच. तिथला क्षार प्लास्टिकच्या पट्टीने जेवढा निघेल तेवढा काढा. बाकीचं काम फरशी पॉलिश करणाऱ्या माणसाचं आहे.

## ९. सांधे पोकळ निघाले तर

सफाईनंतर सांध्यांत खाचा दिसल्या तर त्या नव्या नसतात, इतके दिवस मळाने भरलेल्या होत्या. त्या तशाच सोडल्या तर पाणी टाइलखाली मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. सैल सिमेंट खरवडून काढा, सांधे पूर्ण वाळू द्या (इथे घाई झाली की नवीन भरणी सुटते), आणि टाइल ग्राउट भरा. साध्या व्हाइट सिमेंटपेक्षा इपॉक्सी ग्राउट महाग आहे आणि भरायला सवय लागते, पण आम्ल, ब्लीच आणि बुरशी तिन्हींना ते बरंच जास्त टिकतं. बोअरचं पाणी असेल तर तो खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. भरल्यावर पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत, निदान एक पूर्ण दिवस, तिथे पाणी नको.

## १०. पुन्हा साचू नये म्हणून

क्षार पाण्यातून येतो, पण बसतो तो पाणी वाळल्यावर. म्हणून शेवटच्या माणसाने आंघोळीनंतर वायपर मारून बाहेर पडायचं. हे एवढं केलं तर महिन्याचा थर बराच कमी होतो. साबणाऐवजी बॉडी वॉश वापरणाऱ्या घरांत ती मेणचट मळी तयारच होत नाही, कारण त्यात साधारणपणे साबण नसतो. पण कुणी डागांसाठी साबण बदलावा असं मी म्हणणार नाही.

आठवड्यातून एकदा साबणपाणी आणि ब्रश. पंधरा दिवसांनी नळाखाली आणि जाळीभोवती लिंबूसत्वाचं फडकं दहा मिनिटं. सोसायटीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मिळाला तर त्यात एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमचा आकडा त्या वरच्या टोकाकडे असेल तर पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला फडकं ठेवा.

चौथ्या टप्प्यात एखाद्या कोपऱ्यात पाणी साचत होतं ना? तिथला डाग या सगळ्या उपायांनी जाईल आणि महिन्याभरात परत येईल. तिथे उतार चुकलेला आहे. तेवढ्याच चार-सहा टाइल उचलून गवंड्याकडून उतार नीट करून घ्या, आणि टाइल परत बसवण्याआधी खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला आहे का ते त्याच्यासोबत उभं राहून बघा.